आईचं कोठार मी जाळलं

नाही, पण मला सांगा, माणूस चार वर्षं परदेशात शांतता शिकून परत येतो तेव्हा त्याने अपेक्षा तरी काय करायची? मला वाटलं होतं, विमानतळावरून घरी येईन, दोन दिवस झोप काढेन आणि तिसऱ्या दिवशी पुणं बदलायला घेईन. हसू नका! खरंच असं वाटलं होतं. मला वाटलं होतं, तरुण मुलं दाराशी गर्दी करतील, विचारतील, ताई, भांडणं मिटवायची कशी? शेजाऱ्याशी, सासूशी, शेजारच्या देशाशी... आणि मी एका स्वच्छ हॉलमध्ये, गोलात मांडलेल्या खुर्च्यांमध्ये बसून, हळू आवाजात त्यांना समजावून सांगेन. आणि प्रत्यक्षात काय? प्रत्यक्षात मी, आम्रपाली, नॉर्वेच्या पार टोकाला, जिथे हिवाळ्यात दोन दोन महिने सूर्य तोंड दाखवत नाही तिथल्या विद्यापीठातून शांतता या विषयात पदवी घेतलेली मुलगी, शनिवारी भरदुपारी जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर मांडी ठोकून बसलेय, हातात गेम खेळायचा कन्सोल, चार्जरची वायर गळ्याभोवती, आणि मी काय करतेय? माझ्या सख्ख्या आईचं धान्याचं कोठार जाळतेय!

आणि मी, तुम्हाला सांगते, शांततावादी!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही माझ्याबद्दल भलतंच मत करून घ्याल. म्हणजे शेवटी तेच कराल, पण निदान सगळं ऐकून करा.

तर मी आले. पहिला प्रश्न कोणी विचारला? खालच्या मजल्यावरच्या शर्मिलाकाकूंनी. "अगं वा, आलीस का! मग आता नोकरी कुठे?" म्हटलं, "काकू, मी शांततेवर काम करणार आहे." "हो हो, छान छान," काकू म्हणाल्या, "पण दिवसभर काय करणार?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी उत्तर दिलं. पाऊण तास दिलं. काकूंच्या कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, मी बोलतेच आहे... त्या दिवसापासून काकू मला जिन्यात बघितलं की चपला हातात घेऊन वर पळतात. नाही, पण मुद्दा सोडू नका! मी सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी पाच वाजता शांतता वर्ग सुरू केला. सोसायटीच्या ग्रुपवर सुंदर निवेदन टाकलं, निळ्या आकाशाचं चित्र वगैरे लावून. त्यावर एकच उत्तर आलं, आमचे सेक्रेटरी बापूराव यांचं. "वर्ग झाल्यावर पंखे बंद करावेत."

पहिल्या रविवारी कोण आलं? बाबा. दुसऱ्या रविवारी? बाबा. आणि बाबा तरी का आले? "आपल्या घरापेक्षा हॉलचा पंखा चांगला आहे गं." पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. मी तरी बोलत राहिले. गोलात मांडलेल्या वीस खुर्च्या, एक झोपलेले बाबा आणि समोर मी, मानवजातीच्या भवितव्यावर!

मग बापूराव आले एका संध्याकाळी. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "मॅडम, या रविवारी बघतो. हॉल रिकामा राहिला तर हास्यक्लबला देऊन टाकू. त्यांच्याकडे माणसं आहेत." म्हणजे काय! पुण्यात लोकांना हसायला क्लब लागतो आणि भांडण मिटवायला काही लागत नाही? असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. बापूराव म्हणाले, "आवाज छान आहे तुमचा, हास्यक्लबात याच."

तेव्हा माझ्या मदतीला कोण आलं? आई. माझी आई, हिरा, तीस वर्षं मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल होती. सव्वाशे मुली, दोन स्वयंपाकिणी आणि एक बिघडलेला पंप, असं राज्य चालवलेली बाई. आई म्हणाली, "आमू, रडू नकोस. माझ्या टेकडीच्या बायका आणते." म्हणजे रोज पहाटे तळजाईला चालायला जातात तो तिचा गट. "सगळ्या येतील. माझा शब्द आहे." आणि आईचा शब्द म्हणजे शब्द! वसतिगृहाचा दरवाजा आठला बंद म्हणजे आठला बंद, मंत्री आला तरी बाहेर. मी इतकी भारावले की आईला मिठीच मारली. ती म्हणाली, "बास बास, पोळी करपतेय."

आता टेकडीच्या बायका येणार म्हणजे माझा आवाज पोचायला नको? त्या एकेकट्या बोलतच नाहीत हो, कोरसमध्येच बोलतात. म्हणून मी स्पीकर आणायला बुधवार पेठेत गेले. आणि इथे, तुम्हाला सांगते, इथे माझा ऱ्हास सुरू झाला.

एवढंसं दुकान. काउंटरच्या मागे दुकानदार, मान खाली, हातात काहीतरी. म्हटलं, "एक छोटा स्पीकर आणि माइक दाखवा." मान खालीच. "कशासाठी?" म्हटलं, "शांतता वर्गासाठी." तेव्हा कुठे त्याने वर बघितलं. "शांततेला स्पीकर लागतो?"

मी दुर्लक्ष केलं. माणसाने चिथावणीला बळी पडू नये, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. पण माझी नजर गेली त्याच्या हातातल्या कन्सोलवर, आणि त्यात काय, तर पत्ते! रंगीत पत्ते, आणि प्रत्येक पत्त्यावर युद्ध. तुमच्याकडे एक राज्य, समोरच्याकडे एक राज्य. हातात पाच पत्ते. 'चढाई' टाकली की सैन्य पुढे, 'रसद' टाकली की सैन्याला धान्य, 'वेढा' टाकला की समोरच्याचं धान्य बंद, आणि एक पत्ता 'तहा'चा. बास. एवढंच. आणि हा माणूस भर बाजारात बसून हसत हसत एका राज्याला उपाशी मारत होता!

मी त्याला म्हटलं, अहो, तुम्हाला लाज कशी नाही वाटत? हा खेळ आहे? यातून मनाला सवय लागते हो, हिंसेची! तो म्हणाला, "ताई, बुद्धिबळात राजा मारताना तुम्ही रडता का?" मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे, आणि मग मी तो वेगळा विषयही घेतला... शेवटी तो म्हणाला, "एक डाव खेळून बघा, मग ओरडा." मी म्हटलं, "मी ओरडत नाहीये!" तर शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला काय झालं म्हणून.

मी तो कन्सोल विकत घेतला. जुना होता, स्वस्तात दिला. अभ्यासासाठी! वर्गात दाखवायला, की बघा, असं विष पसरवलं जातं. अगदी ताठ मानेने घरी आले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की स्पीकर दुकानातच राहिला.

आता अभ्यास म्हटल्यावर पद्धत हवी. मी ठरवलं, हा युद्धाचा खेळ मी युद्ध न करता जिंकून दाखवणार. फक्त 'रसद' आणि 'तह', 'चढाई'ला हात लावायचा नाही. समोर यंत्राचा एक जांभळा राजा असतो, मिशीवाला. मी तहाचा पत्ता टाकला, त्याने मान लववली, हसला, आणि पुढच्याच पाळीला माझी राजधानी घेतली. चहाला उकळी फुटायच्या आत माझं राज्य संपलं! पुन्हा खेळले. पुन्हा तह, पुन्हा मान लववली, पुन्हा तेच. मी त्याला समजावलं. मराठीत समजावलं, नॉर्वेजियनमध्ये समजावलं. अहो, माझा प्रबंधच मुळी 'छोट्या राज्यांमधले तह का मोडतात' या विषयावर आहे, शंभर पानांचा! त्या मिशीवाल्याला त्याचं काही नाही.

मग मी एक चढाईचा पत्ता हातात ठेवायला लागले. टाकायचा नाही, नुसता ठेवायचा. स्वसंरक्षण. मग दोन ठेवायला लागले. मग असं वाटलं, की तो हल्ला करणारच आहे तर आपण जरा आगाऊ स्वसंरक्षण केलं तर? आणि केलं हो! काय झिणझिण्या आल्या म्हणून सांगू! गुरुवारी माझी मैत्रीण पूर्वा फोन करते, "काय चाललंय?" मी म्हणते, "प्रत्यक्ष क्षेत्रात काम चालू आहे गं," आणि दुसऱ्या हाताने जांभळ्या राजाचे पूल तोडतेय. शुक्रवारी त्याने स्वतःहून तहाचा पत्ता टाकला. त्याने! मिशी खाली पडली होती बिचाऱ्याची. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आता आठवला होय रे तह तुला!" आणि नकाशावरून पुसलं त्याला.

आणि मी, शांततावादी!

आई मागे उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. मला वाटलं, आता बोलणार, दिवाणखान्यातल्या बुद्धांच्या तसबिरीकडे बोट दाखवून बोलणार. आई वाकून पडद्याकडे बघत म्हणाली, "आमू, ती डावीकडची मुलं उपाशी आहेत."

"मुलं नाहीत गं, सैन्य आहे ते."

"असू दे. एवढ्यांना उन्हात उभं करून ठेवलंस आणि धान्य कुठाय? आधी खायला घाल, मग हवं तिथे पाठव. सरक."

झालं! शनिवारी जेवणं आटोपली, बाबा सोफ्यावर आडवे झाले, दुपारची वेळ, अख्खी सोसायटी गपगार, आणि आई पदर खोचून टेबलाशी बसली. "लाव. माझ्याशी खेळ." दोघांचा डाव असतो त्यात, एकाच कन्सोलवर. आपली पाळी खेळायची आणि कन्सोल समोरच्याच्या हातात द्यायचा, मग त्याला त्याचे पत्ते दिसतात, आपले झाकले जातात. एकमेकींचे पत्ते कळत नाहीत.

आणि आई खेळायला लागली. काय खेळली? 'रसद'! पुन्हा 'रसद'! मी सीमेवर सैन्य आणतेय, ही धान्य साठवतेय. "आई, अगं, लढायचं असतं." "पावसाळ्याचं साठवून तरी ठेवू दे." मी किल्ला घेतला, तिने कोठार बांधलं. मी नदी ओलांडली, तिने कोठार मोठं केलं. मला तर भरूनच आलं हो! मी चार वर्षं जे शोधत होते ते माझ्या घरात, पदर खोचून बसलेलं! मी म्हटलं, मी हिच्याशी लढू? नाही, कदापि नाही. मी तहाचा पत्ता टाकला. आईने चष्मा वर केला. "नक्की ना? बघ हं. शब्द आहे."

"शब्द, आई."

"दशरथराव, ऐकलंत का? शब्द दिलाय हिने." बाबा झोपेत "हो" म्हणाले.

आणि तह झाला. दोन पाळ्या काय सुंदर गेल्या! मी शेतं पिकवतेय, आई कोठारं भरतेय, पडद्यावर पाखरं उडतायत. तिसऱ्या पाळीला माझ्या हातात काय यावं? तीन चढाया. एकदम! आणि समोर आईचं भलं मोठं कोठार, पाठ फिरवून उभं, एक पहारेकरी नाही. मी पत्ते बघितले, कोठार बघितलं, आईकडे बघितलं. ती शेंगा सोलत होती. तुम्हाला सांगते, माझ्या मनात काहीही वाईट नव्हतं. माझं मन पूर्ण निर्मळ होतं. अंगठ्याने केलं!

फाड! पडद्यावर तहाचा कागद फाटला, कोठार पेटलं, आणि 'विजय' अशी झळझळीत अक्षरं. आणि मी, अहो मी खुर्चीवर उभी राहिले! दोन्ही हात वर, "जिंकले! हरवलं! अख्खं जाळलं!" बाबा दचकून उठले, त्यांना वाटलं गॅस पेटला.

आईने कन्सोल हातात घेतला, बघितला, ठेवला. शेंगा उचलल्या. म्हणाली, "शंभर पानं लिहिलीस ना तह का मोडतात त्यावर? त्यात स्वतःचा फोटो लावला होतास का?"

गेली आत.

मला वाटलं, गंमत करतेय. कसली गंमत! चहा झाला चारला. आमच्याकडे चहाचे तीन कप होतात, दोन झाले. रात्री जेवायला बसलो, तर आई बाबांना विचारते, "आमूला भाकरी हवी का विचारा. की घेईल आपल्या हाताने? तिला सवय आहे." मी म्हटलं, "आई, खेळ होता तो." आई बाबांकडे बघून म्हणाली, "तिला सांगा, वसतिगृहात पण मुली म्हणायच्या, मॅडम, एकदाच उशीर झाला." मी म्हटलं, बाबा, तुम्ही तरी बोला! बाबा म्हणाले, "मी दोघींचंही ऐकून घेतलंय," आणि ताक प्यायले. अख्खं आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस, दोन गावांना एकच पाणी वाटायचं, कोणाची बाजू घेतली असती तर खडकवासल्याच्या कालव्यातच बुडवला असता लोकांनी!

आणि मग आईने शेवटचं सांगितलं. यावेळी थेट माझ्याकडे बघून. "उद्या माझ्या बायका येणार नाहीत. पहाटे टेकडीवर सांगून टाकते. शब्द न पाळणाऱ्या माणसाकडून शांतता शिकायला मी कोणाला आणणार नाही."

संपलं! हॉल गेला. हास्यक्लब आला. मी आधी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. आणि चिडून उपयोग काय, बाई बरोबरच बोलली होती ना! जांभळ्या राजात आणि माझ्यात फरक काय उरला? मिशी!

सकाळी उठले तर आई टेकडीवर गेलेली. म्हटलं, पहिलं काम, ते सगळं पुसून टाकायचं, कन्सोल बुधवार पेठेत परत द्यायचा. उघडला, पुसायला गेले, तर खाली एक पर्याय दिसला, 'संपलेला डाव पुन्हा पाहा'. आता पाहायची काय गरज होती? पण शेवटचा पश्चात्ताप म्हणून दाबलं. आणि तो डाव सुरू झाला, आणि त्यात... ऐका हं... त्यात दोघींचे पत्ते उघडे दिसतात!

आईच्या हातात काय असेल? 'रसद' असेल? पाखरं असतील? 'वेढा'! पाचही पत्ते 'वेढा'! तहाच्या आधीपासून गोळा करत होती! ते धान्य, ते पावसाळ्याचं, ते कोठारावर कोठार, ते कशासाठी? स्वतः आत खात बसायला आणि मला बाहेर उपाशी मारायला! तीन 'वेढे' असले की सुरू करता येतो, पण हिला खात्रीचं काम हवं होतं, वसतिगृहाची सवय, म्हणून पाच जमवले. पुढची पाळी तिची. एक पाळी, फक्त एक पाळी मी उशीर केला असता ना, तर तह तिने मोडला असता! म्हणजे बाई रागावली होती ती मी शब्द मोडला म्हणून नाही, तिच्याआधी मोडला म्हणून!

मी नाचले. खोटं कशाला सांगू, दिवाणखान्यात नाचले. पुरावा! पडद्यावर, रंगीत! म्हटलं, येऊ दे आता. दारातच धरते. बाबांना उठवते. खाली जाऊन शर्मिलाकाकूंना दाखवते, बापूरावांना दाखवते, टेकडीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकते, चला, कोणाचा शब्द आणि कोणाचं काय, होऊनच जाऊ दे...

किल्लीचा आवाज आला. मी कन्सोल पाठीमागे धरून दाराच्या समोर उभी, छाती पुढे. आई आली. बूट काढले, मोजे झाडले. माझ्याकडे बघितलं नाही. स्वयंपाकघरात गेली, पातेलं ठेवलं, आणि ओट्यावर कप मांडायला लागली. एक. दोन.

मी पाठीमागचा कन्सोल घट्ट धरला.

तीन.

आता तुम्ही सांगा, मी काय करायचं होतं? शंभर पानांत मी हे कुठेच लिहिलेलं नाही, की समोरच्याने तिसरा कप मांडला आणि आपल्या हातात पुरावा असला तर काय करायचं. माझा अंगठा, तोच तो कालचा हलकट अंगठा, पाठीमागे आपोआप हलला. 'पुसून टाका' दाबलं. "खात्री आहे?" असं विचारतं ते यंत्र, टुकटुक वाजून. अजिबात नव्हती. तरी दाबलं.

म्हटलं, "आई, चुकलं माझं."

आई चहाकडे बघत म्हणाली, "हं." मग जरा थांबून, "पुसलंस का ते सगळं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, आई."

तेव्हा तिने वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा असा, की बुद्धांनीसुद्धा एकदा वळून पाहावं. म्हणाली, "बरं. बायका येतील पाच वाजता. मी काही बोलले नाही टेकडीवर. पुढच्या वेळी मात्र शब्द दिलास तर पाळायचा. माणसाने शब्दाला जपावं, आमू."

पाच वेढे हातात धरून शेंगा सोलणारी बाई, मला सांगतेय, शब्दाला जपावं! आणि मी, शांततावादी, काय म्हणाले? म्हणाले, "हो, आई."

कप तोंडाला लावला. साखरच नाही. मी वर बघितलं. साखरेचा डबा समोर ओट्यावर, काठोकाठ भरलेला, माझ्याकडे बघतोय. आई म्हणाली, "साखर संपली गं. कोठार जळालं ना काल."

खऱ्या तहावरची ती माझी पहिली सही म्हणा. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि म्हणाले, छान झालाय.